आधी सिलिंडर शोध, मग इंजिन खोल

अगं, गॅरेजवाला म्हणतोय त्या हाफ इंजिनाच्या कामाला होकार देऊ नकोस. निदान इतक्यात तरी नको. फोनवर तू जेवढं सांगितलंस त्यावरून एवढंच कळतं की गाडी मिसिंग मारतेय, चारातलं एखादं सिलिंडर मारत नाहीये. कुठलं आणि का, हे अजून कुणी पाहिलेलंच नाही. बोनेट उघडून दोनदा रेस द्यायची आणि ‘रिंग-पिस्टन गेलेत’ म्हणून मोकळं व्हायचं, याला निदान म्हणत नाहीत.

तुझी घाई मला कळते. मालकांना डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केलीये, कांदा चाळीत भरून ठेवलाय, नेप्तीच्या उपबाजारात माल न्यायचाय आणि घरात ही पिकअप एकच. पण गॅरेजमध्ये ही घाई चेहऱ्यावर दिसली की समोरचा माणूस सगळ्यात मोठं काम आधी सुचवतो. तो वाईट असतो असं नाही. सगळं खोललं की बिघाड कुठंतरी सापडणारच, हा त्याचा हिशेब. खर्च मात्र तुझा. म्हणून आज नीट बसून सांगते. एकदा वाच, मग गाडीजवळ उभी राहून परत वाच.

तुझं इंजिन चार सिलिंडरचं, चार स्ट्रोकचं. गाडी जागेवर उभी असते तेव्हा ते मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतं, म्हणजे एकेक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा आणि चारही मिळून १६०० वेळा. अशा इंजिनांत पेटण्याचा क्रम बहुतेक वेळा १-३-४-२ असतो. पालखीच्या चार भोयांपैकी एकानं खांदा काढून घेतला तर पालखी जशी हिसके खात चालेल, तशी तुझी गाडी आत्ता चालतेय. बाकीचे तिघं ओझं ओढतात, पण त्यांच्यावरही ताण येतो, डिझेल जास्त जातं आणि चढाला दम लागतो.

मोबाईलवर याबद्दल शोधलंस तर बरेचसे व्हिडिओ अमेरिकेतल्या पेट्रोल पिकअपचे येतील. ते सांगतील, स्पार्क प्लग बदला, कॉइल बदला. तुझ्या डिझेल इंजिनात स्पार्क प्लगच नाही. तिथं हवा आकसून साधारण सोळा-अठराव्या हिश्श्याला दाबली जाते, त्या दाबानं ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि नेमक्या त्या क्षणी नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा आत पडतो. एवढ्यावरच ते पेटतं. आबांच्या विहिरीवरचं किर्लोस्करचं इंजिन आठवतं ना? तेही असंच. हँडल मारताना आबा कान देऊन नोझलचा ‘कर्र’ आवाज ऐकायचे आणि तो आला की म्हणायचे, डिझेल पोचलं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ ची, पुण्याची. त्या इंजिनांनी आपल्याकडच्या किती शेतकऱ्यांना अर्धे फिटर करून सोडलं. तुझ्या गाडीतलं शास्त्र तेच आहे, फक्त सिलिंडर चार.

त्यामुळे सिलिंडर मारत नसेल तर कारणं मोजकीच. डिझेल पोचत नाही किंवा फवारा नीट पडत नाही, हवा पुरेशी दाबली जात नाही, नाहीतर आत जायला हवाच कमी पडते. रिंग-पिस्टन हे त्यातल्या एका कारणाचं एक टोक आहे. सुरुवात तिथून करायची नसते.

हातात पाना घेण्याआधी वही घे आणि मिसिंग कधी येतं ते लिही. सगळ्यात मोलाची माहिती हीच, आणि ती फिटरकडं नसते, गाडी चालवणाऱ्याकडं असते. पहाटे गार गाडी सुरू केल्यावरच येतं आणि मैलभर गेल्यावर जातं का? आपल्या नगरची थंडी हिवाळ्यात एक आकड्यावर उतरते. त्या दिवसांत जरा कमी पडलेलं कॉम्प्रेशन किंवा, तुझ्या इंजिनाला हीटर प्लग असतील तर, त्यातला जळालेला एखादा प्लग सकाळी तेवढा त्रास देतो. उलट गार असताना गाडी छान आणि तापल्यावर मिसिंग, असं असेल तर टॅपेट आवळ असण्याची शंका घे. व्हॉल्व्ह तापून लांबतो, पुरता बसत नाही, आणि कॉम्प्रेशन तिथून निसटतं. हे काम फिलर गेज घेऊन बसलेला जाणता फिटर हेड न उतरवता करतो.

आणि जागेवर गाडी शांत, पण माल भरून विळद घाट चढायला लागली की धक्के खाते, असं असेल तर सिलिंडरपेक्षा डिझेलच्या वाटेवर लक्ष ठेव. चढाला इंजिन जास्त डिझेल मागतं आणि तुंबलेला फिल्टर तेवढं सोडत नाही. मनमाड रोडची धूळ तुला सांगायला नको. एमआयडीसीत फिरणाऱ्या आमच्या गाडीचा एअर फिल्टर कंपनीच्या पुस्तकातल्या मुदतीच्या कितीतरी आधी मातकट होतो. तुझी गाडी तर बांधावरून, शेतातून फिरते.

एक आधीच तपासून घे, हे खरंच मिसिंग आहे ना? इंजिनाचं माउंटिंग रबर फाटलं तरी गाडी जागेवर थरथरते. क्लच खराब झाला तर गाडी सोडताना हिसका देते. मिसिंगची खूण आवाजात असते. सायलेन्सरच्या तोंडाशी ऐक, ठराविक अंतरानं एक ठोका गळल्यासारखा वाटतो. ठोका नियमानं गळत असेल तर एकच सिलिंडर. कधी गळतो, कधी नाही, मध्येच गाडी बंद पडते, असं असेल तर बहुधा डिझेलमध्ये हवा किंवा पाणी.

धूर बघ. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल बाहेर पडतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. आता मला सांग, तुझ्या गाडीतलं ऑइल कमी होतंय का? मध्ये टाकावं लागलं का? इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण जपून सैल करून बघ. रिंगा खरंच गेल्या असतील तर तिथून धुराचे जोरदार झोत येतात. रिंगा झिजतात त्याही बहुधा चारही सिलिंडरांच्या, कमीजास्त. ऑइल खात नाही, झाकणातून धूर नाही, पण एकच सिलिंडर मेलेलं, अशा गाडीला ‘रिंग-पिस्टन’ म्हणणाऱ्याला विचार की कशावरून.

आता कामाला लागू. पण त्याआधी माझं एक ऐक, यात तडजोड नाही. ओढणी काढून ठेव, साडी असेल तर पदर खोच, केस बांध, हातातल्या बांगड्या उतरव. चालत्या इंजिनाचा फॅन आणि बेल्ट कापड ओढायला क्षणही घेत नाहीत, आणि धातूची बांगडी बॅटरीच्या टोकाला लागली तर मनगट भाजतं. गरम रेडिएटरचं झाकण कुणीही सांगितलं तरी उघडायचं नाही.

पहिली तपासणी डिझेलची. फिल्टरच्या बुडाशी पाणी काढायचा नळ किंवा स्क्रू असतो. खाली काचेची बाटली धर आणि थोडं डिझेल सोड. पाणी जड, ते तळाला बसतं, डोळ्यांना लगेच दिसतं. पावसाळ्यानंतर हे हमखास सापडतं, कारण अर्ध्या रिकाम्या टाकीत आतली दमट हवा गार झाली की पाणी धरतं. तुमच्याकडं ट्रॅक्टरसाठी गोठ्यात डिझेलचा बॅरल ठेवतात ना? त्यातलं डिझेल गाडीत ओतलं असेल तर गंज आणि गाळही आत गेला. फिल्टर शेवटी कधी बदलला ते आठवत नसेल तर विचार करत बसू नकोस, नवा टाक.

मग हवा. टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी नळ्या जुन्या झाल्या की कडक होतात, त्यांना केसासारख्या भेगा पडतात. क्लिपा सैल होतात. यातून डिझेल गळेलच असं नाही, पण हवा आत खेचली जाते. गॅरेजात याला ‘गाडी एअर घेते’ म्हणतात. रात्रभर उभी गाडी सकाळी बराच वेळ स्टार्टर मारल्यावर सुरू होते, थोडा वेळ अडखळते, मग ठीक चालते, ही त्याची ओळख. फिटरला सांग, फिल्टरच्या पुढं थोडा वेळ पारदर्शक नळी लाव. बुडबुडे दिसले की सापडलं. नळी आणि क्लिपा बदलायच्या, ब्लीडिंग स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचा, फेस जाऊन सलग डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. याला हाफ इंजिनाच्या खर्चाचा पासंगही लागत नाही.

इतकं करूनही ठोका गळतोच आहे, तर आता कुठलं सिलिंडर ते शोधायचं. इथं नीट लक्ष दे, कारण इथून पुढं तुझी गाडी कुठल्या पिढीची आहे त्यावर सगळं आहे. १ एप्रिल २०१७ पासून देशभर प्रदूषणाचं बीएस-४ मानक सक्तीचं झालं. त्याआधीच्या बऱ्याच पिकअपमध्ये जुना यांत्रिक डिझेल पंप असतो, नंतरच्यांत कॉमन रेल. पण सालावर विसंबू नकोस, डोळ्यांनी बघ. पंपापासून प्रत्येक नोझलला एकेक लोखंडी नळी गेलेली आणि नोझलवर विजेची वायर नाही, तर यांत्रिक पंप. सगळ्या नळ्या एका जाड आडव्या दांडीतून निघतात आणि प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर वायरचा सॉकेट आहे, तर कॉमन रेल.

यांत्रिक पंप असेल तर जुनी, खात्रीची परीक्षा आहे. इंजिन जागेवर चालू ठेवायचं, नोझलला आलेल्या नळीचा नट फडक्यानं झाकून अर्धा फेरा सैल करायचा. त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं. आवाज बदलला, इंजिन आणखी अडखळलं, म्हणजे ते सिलिंडर काम करत होतं. नट आवळून पुढच्याकडं जायचं. ज्या नटाला सैल करूनही आवाजात काडीचा फरक पडत नाही, ते मेलेलं सिलिंडर. हे काम फिटरनंच करायचं, तू बाजूला उभी राहून ऐकायचं. चेहरा आणि हात फवाऱ्याच्या वाटेत कुणाचाच नको.

कॉमन रेल असेल तर त्या नटाला चालू इंजिनात कुणालाही हात लावू देऊ नकोस. जुना अनुभवी मेस्त्री असला तरी नाही. जुन्या नोझलचा दाब साधारण दोनशे बार किंवा थोडा वर. कॉमन रेलमध्ये तो हजार बार ओलांडतो, काहींत १६०० पर्यंत जातो. त्या दाबाची बारीक धार हातमोजा आणि कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, म्हणून लोक हळद लावून कामाला लागतात. आत मात्र डिझेल बोटाच्या पेशी मारत जातं आणि काही तासांत बोट वाचवणं अवघड होतं. असं कुणालाही झालं, तुला, फिटरला, त्याच्या हाताखालच्या पोराला, तर त्याच मिनिटाला मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं आणि तिथं स्पष्ट सांगायचं की प्रेशरनं डिझेल आत गेलंय, साधी टोचणी नाही. हे तुझ्या गॅरेजमधल्या पोरांनाही सांग. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

कॉमन रेलवाल्या गाडीला स्कॅनर लावायला सांग. इंजिनाची मेमरी स्वतःच बोलते. पी-०३०० म्हणजे मिसफायर ठराविक जागी नाही. पी-०३०१ ते पी-०३०४ आला तर शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी-००८७ म्हणजे रेलमध्ये दाबच कमी, तेव्हा परत फिल्टर आणि पंपाकडं जायचं. कोडचा फोटो काढून ठेव, आणि तुझ्यासमोर फोटो निघेपर्यंत कोड पुसू देऊ नकोस. मग इंजेक्टरची रिटर्न टेस्ट. प्रत्येकाच्या परतीच्या नळीला एकेक बाटली लावतात. ज्याची बाटली इतरांपेक्षा भराभर भरते, तो इंजेक्टर आतून गळतोय. आणि लक्षात ठेव, यातल्या बऱ्याच इंजेक्टरांवर कोड कोरलेला असतो. नवा बसवल्यावर तो गाडीच्या संगणकात भरावा लागतो, नाहीतर नवा इंजेक्टर घालूनही गाडी अडखळतच राहते आणि दोष पुन्हा इंजिनावर जातो.

यांत्रिक पंपाकडं परत येऊ, कारण तुझ्या गाडीच्या वयावरून मला तोच वाटतो. समजा तीन नंबर मेलेलं निघालं. आता त्याचं नोझल दोन नंबरला आणि दोनचं तीनला घालायला सांग. मिसिंग दोनवर सरकलं तर दोष नोझलचा, प्रश्न मिटला. तीनवरच राहिलं तर कॉम्प्रेशन किंवा टॅपेट. या अदलाबदलीला थोडा वेळ आणि तांब्याचे नवे वॉशर एवढंच लागतं. जुने वॉशर परत घालू देऊ नकोस. ते दबलेले असतात आणि तिथून गॅस निसटतो. नोझलच्या बुडाशी काळी काजळी साचलेली दिसली आणि इंजिन चालताना ‘फस्स फस्स’ ऐकू आलं, तर कधी कधी सगळं दुखणं त्या वॉशरचंच निघतं.

नोझल पंपाच्या दुकानात टेस्टरवर लावून घे आणि स्वतः बघ. फवारा धुक्यासारखा बारीक आणि सगळीकडं सारखा पडायला हवा. धार पडली किंवा थेंब टपकला तर नोझल गेलं. जुने पंपवाले अजून ‘मायकोचं नोझल’ म्हणतात. मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, आणि तिचा नोझल-इंजेक्टरचा कारखाना नाशकात, आपल्या बाजूलाच. नक्कल माल बाजारात फार आहे, म्हणून बिल घे आणि खोका मागून घे.

टपकणारं नोझल घेऊन ‘हंगाम संपेपर्यंत चालवू’ असं मात्र करू नकोस. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि खाली उतरतं. डिपस्टिक काढून वास घे. ऑइलची पातळी आपोआप वाढलीये आणि डिझेलचा वास येतोय, तर गाडी तिथंच थांबव. नाहीतर आज ज्या रिंगा ठीक आहेत त्या खरंच जातील, आणि मग तो फिटर बरोबर ठरेल.

दोष नोझलमध्ये नाही असं सिद्ध झालं तरच कॉम्प्रेशन टेस्ट. गेज डिझेल इंजिनाचा हवा, पेट्रोलचा फुटेल. चांगल्या डिझेल इंजिनात आकडा साधारण २५ ते ३० बारच्या घरात असतो, पण तुझ्या इंजिनाच्या पुस्तकात असेल तो खरा. त्याहून महत्त्वाचं, चार आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. शेजारशेजारची दोन पडलेली असतील तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट जळाल्याचा संशय, आणि गार इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का तेही बघायचं. एकच पडलं असेल तर आधी टॅपेट, मग व्हॉल्व्ह, आणि शेवटी रिंगा. फिटर थोडंसं ऑइल त्या सिलिंडरात घालून पुन्हा मोजतो. आकडा चढला तर गळती रिंगांतून, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमधून. व्हॉल्व्हचं काम हेड उतरवून होतं, त्याला पिस्टनला हात लावायची गरज नसते.

हे सगळं तुला पेलेल. आपल्या नगरात इंजिनं जाणणारी माणसं कमी नाहीत. फिरोदियांची लुना १९७२ मध्ये आली ती इथलीच, डीआरडीओची वाहन संशोधन संस्था इथंच, रणगाड्यांच्या चिलखती दळाचं केंद्रही इथंच. नागापूरच्या एमआयडीसीभोवती लेथवाले आणि हेड फेस करून देणारे गल्लोगल्ली आहेत. त्यातले कित्येक जण बाईमाणूस प्रश्न विचारतेय म्हटल्यावर आधी मालकांना फोन लावा म्हणतात. रागावू नकोस, आवाजही चढवू नकोस. एवढंच म्हण, ‘दादा, कुठलं सिलिंडर मारत नाही आणि ते कसं कळलं, तेवढं दाखवा.’ चांगला मेस्त्री या प्रश्नानं खूश होतो, पाना उचलून दाखवतो, आणि पुढं तुला मानानं वागवतो. जो टाळतो, त्याच्याकडून गाडी हळूच काढून घे. काढलेला प्रत्येक जुना पार्ट मागून घे. तारीख, किलोमीटर आणि काय बदललं ते वहीत लिही. तुझी गाडी आठ वर्षांच्या पुढची, म्हणजे दरवर्षी फिटनेसला जाणार. धूर मारणारी गाडी पीयूसीलाही अडते, तेव्हा ही वही तुझ्याच कामाची.

उद्या कांदा आमच्या गाडीतून जाऊ दे, ह्यांना मी सांगून ठेवलंय. तुझी गाडी सकाळी गारच असू दे, सुरू करू नकोस, मी नऊपर्यंत फिल्टर आणि दोन हात पारदर्शक नळी घेऊन येते. तोवर गॅरेजवाल्यानं कितीही फोन केले तरी चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशनचे आकडे कागदावर लिहून दिल्याशिवाय हेड खोलायला हो म्हणू नकोस.